पीसीटी: वाळवंटी टप्पा पूर्ण झाला, सिएरा नेवाडाच्या डोंगरांत लगेच शिरावे की थांबावे?

नमस्कार मंडळी,

मेक्सिकोच्या सीमेवरील कॅम्पोहून एकटी निघाले होते, आणि काल, ५१व्या दिवशी, कॅलिफोर्नियातील केनेडी मेडोजला पोहोचले. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल (पीसीटी) या अमेरिकेतील लांब पायवाटेच्या सुमारे ४,२६५ किलोमीटरपैकी वाळवंटी म्हटले जाणारे पहिले सुमारे १,१३० किलोमीटर येथे संपतात. दुकानाच्या ओसरीवर बसलेल्या अनोळखी वाटसरूंनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मला रडू आवरले नाही.

आता अडचण सांगते. वॉकर पास या खिंडीच्या अलीकडच्या जवळजवळ ६५ किलोमीटरच्या कोरड्या पट्ट्यात मी पाठीवर सहा लिटर पाणी वाहिले आणि त्यानंतर दोन्ही पायांचे अंगठे बधिर झाले. पाय सुजून पसरल्यामुळे त्याआधी तेहाचापी गावी एक माप मोठे बूट घेतले होते, तेही आता घट्ट होतात. कोमट पाण्यात पाय बुडवले, तर पावलाला ऊब जाणवते. अंगठ्यांच्या टोकांना मात्र काहीच कळत नाही. वेदना नाहीत, त्वचेचा रंगही नेहमीसारखाच आहे. पुढे बर्फ आहे आणि बधिर बोटांना गारठा लागल्याचे कळणारच नाही, ही माझी खरी भीती आहे. असा अनुभव कोणाला आला असल्यास संवेदना किती दिवसांत परतली, आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी येथूनच खाली उतरावे का, हे कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न शिध्याचा. मी शाकाहारी आहे. येथून किअरसार्ज पासच्या फाट्यापर्यंत सुमारे १४० किलोमीटर होतात, नवा शिधा घेण्यासाठी खाली ऑनियन व्हॅलीला उतरायला आणखी १२, आणि वाटेत ४,००९ मीटर उंचीचा फॉरेस्टर पास आहे. आठ दिवस धरले आहेत. वाटेजवळच्या माउंट व्हिटनी शिखराचा विचार मी सोडून दिला. अस्वलांपासून अन्न वाचवणारा डबा पुढे सक्तीचा असून माझा डबा साडेअकरा लिटरचा आहे. भाजणी, दाण्याचे कूट, गूळ आणि तूप दाबून भरले, तरी सहा दिवसांपलीकडचे मावत नाही. पहिल्या दिवसाचे जेवण बाहेर ठेवता येईल, पण उरलेल्याचे काय करावे?

सह्याद्रीत वीस वर्षे भटकले असले, तरी बर्फावर मी कधीही चाललेली नाही. मायक्रोस्पाइक्स (बुटांना लावायचे काटे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) घेतली आहे. बर्फ टणक असताना, पहाटेच पास ओलांडावा आणि दुपारी मांडीपर्यंत रुतण्याची वेळ येऊ देऊ नये, एवढे वाचून ठाऊक आहे. परंतु आइस अ‍ॅक्सने घसरण थांबवण्याचा सराव एकटीने कोठे व कसा करावा, हे कळत नाही. सोबतीने निघणारा एक चौघांचा गट परवा पहाटे जाणार आहे आणि त्यांनी मला विचारले आहे.

त्यांना उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचे आहे. जून महिन्यात हा पट्टा चाललेल्या कोणी, विशेषतः पायांबाबत, आपला अनुभव लिहिल्यास फार आभारी होईन. येथील इंटरनेट अधूनमधून जाते. त्यामुळे प्रतिसादाला उशीर झाल्यास समजून घ्यावे.