आयर्न मेडन मुंबईत, २००८: कोण कोण होतं?

ठाणेकर_बेस: १ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीत आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड वाजवून गेला तेव्हा मी शाळेत होतो, घरून सोडलं नाही. जे गेलेले त्यांनी सांगा ना, त्यांच्या स्टीव्ह हॅरिसचा बेस गिटार लाइव्ह कसा वाटतो?

चिंचवड_मेटल: अरे छातीत वाजतो! बोटांनीच वाजवतो ना तो, पिक (तारा छेडायची पट्टी) नाही, त्यामुळे तीन गिटारी असून पण घोड्याच्या टापांसारखी ती बेसची घोडदौड सुटी ऐकू येते, आणि त्या वर्ल्ड टूरची सुरुवातच आपल्या मुंबईत झाली राव, अजून अंगावर काटा येतो

डोंबिवली८४: आणि टूरला बँड ज्यातून फिरला त्या बोइंग ७५७ विमानाचा पायलट त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः!! तोच माणूस स्टेजवर नुसता धावत, उड्या मारत गातो. बहुतेक गाणी ८० च्या दशकातली, सगळं पब्लिक सोबत गात होतं.

चिंचवड_मेटल: @ठाणेकर_बेस पुढे कधी चान्स मिळाला तर सोडू नकोस, फक्त इअरप्लग घालून जा.