लोअर बॉल जॉइंट सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलावा का?

पाना-सतरा (मुलुंड)
पावसाळा सरत आला की खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाखाली 'खट्ट' वाजायला लागतं. दोषी बहुतेकदा लिंक रॉड (अँटीरोल बारची छोटी लिंक), नाहीतर लोअर बॉल जॉइंट, म्हणजे नकल (चाक बसतं तो लोखंडी भाग) आणि खालचा आर्म यांना जोडणारा, वाटीत फिरणाऱ्या बॉलचा सांधा. जॉइंटवरच्या रबरी टोपीला, म्हणजे बूटला, बारीक चीर असली आणि गाडी हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गेली, की आत पाणी आणि रेती शिरते, ग्रीस धुऊन जातं आणि बॉलभोवतीची वाटी झिजते. 'हे काम घरी करूच नये' असं सरसकट सांगितलं जातं, ते मला पटत नाही. साध्या हॅचबॅकचा बोल्टचा जॉइंट किंवा अख्खा लोअर आर्म बदलणं हे जपून केलं तर घरचं काम आहे. गाडी टेकवायला दोन स्टँड, चांगला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), सेपरेटर (स्टड दाबून सोडवणारं अवजार) आणि गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मात्र हवंच. कुणाचं मत वेगळं असेल तर कारणासकट सांगा.

चेंबूर नाका
माझं वेगळं आहे. हा जॉइंट म्हणजे नकल आणि आर्म यांच्यातला एकमेव सांधा. स्टड (बॉलचा दांडा) वाटीतून निसटला तर चाक मडगार्डखाली आडवं पडतं, ड्राइव्हशाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) आतल्या टोकाकडून उपसून येतो आणि गाडी त्या क्षणी स्टिअरिंग ऐकत नाही. ब्रेक पॅड चुकीचे बसले तर निदान आवाज तरी होतो, इथे पूर्वसूचना मिळेलच असं नाही. शिवाय सोसायटीत काम करायचं तरी कुठे? स्टॅक पार्किंगमध्ये जॅक लावता येत नाही, बेसमेंटच्या रॅम्पला उतार असतो आणि पेव्हर ब्लॉकवर स्टँडचे पाय खचतात.

पाना-सतरा (मुलुंड)
जागेचा मुद्दा मान्य. उतारावर हे काम करूच नये. पेव्हर ब्लॉकवर स्टँडखाली १८ मिमी जाड प्लायचा चौकोन टाका, मागच्या चाकांना ओट (अडसर) लावा, हँडब्रेक ओढा आणि काढलेलं चाक सिलखाली (दाराखालच्या कडेखाली) आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

पण आधी जॉइंटच गेलाय याची खात्री करा. चाक हवेत उचलून वर आणि खाली धरून हलवा. ढिलेपणा जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर तो गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट किंवा आर्मचा बुश (चेसिसकडच्या टोकाचं रबर). मग टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून चाक वर ढकला आणि जॉइंटच्या मानेवर बोट ठेवा. नकल आणि आर्ममध्ये हालचाल बोटाला जाणवली तर प्रश्न मिटला. डावीउजवीकडे धरल्यावर चाक हलत असेल तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) बघा.

रेषा (दादर)
दादा, तपासणी बरोबर सांगितलीत, पण 'घरचं काम' म्हणण्याआधी जॉइंट कोणत्या प्रकारचा ते बघायला हवं. काही आर्मवर तो बोल्ट किंवा रिव्हेटने बसवलेला असतो. रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात, नव्या जॉइंटसोबत त्यांच्या जागी बोल्ट येतात. काहींमध्ये तो आर्ममध्ये दाबून बसवलेला असतो. आणि बऱ्याच लहान गाड्यांत तो आर्मचाच भाग असतो, सुटा मिळतच नाही. दाबून बसवलेला जॉइंट घरी बदलू नका, हे माझं ठाम मत आहे. त्याला प्रेस आणि योग्य मापाचे कप लागतात. हातोड्याने ठोकला तर तिरका जातो, भोक ओरखडतं, मग नवा जॉइंटही पकड धरत नाही. आर्म काढून प्रेसवाल्याकडे न्या, नाहीतर पूर्ण आर्मच घ्या.

चेंबूर नाका
ताईंचं बरोबर. आणि पूर्ण आर्म घ्यायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात तर जुना भाग सोबत न्या. स्टडचा व्यास, आर्मची लांबी आणि मागच्या बुशची दिशा शेजारी ठेवून जुळवा. रंग मारून नवा केलेला वापरलेला आर्म घेऊ नका. बुशचं रबर अंगठ्याने दाबून भेगा बघा. बूटमधून ग्रीस बाहेर आलेलं दिसलं तर परत करा.

पाना-सतरा (मुलुंड)
आता खरं अडतं ते स्टड सोडवताना. बऱ्याच हॅचबॅकमध्ये स्टड नकलच्या चिमटीत एका आडव्या बोल्टने धरलेला असतो. तो बोल्ट स्टडच्या खाचेतून जातो, म्हणून नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. हे न कळल्यामुळे लोक आर्म उपटायला तासभर झुंजतात. वरळीच्या समुद्राकडच्या गाड्यांत हा बोल्ट गंजून जाम बसतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. जोर लावून तो आत तुटला तर ड्रिलिंग करावं लागेल आणि घरचं काम तिथेच थांबेल. चिमट जाम असेल तर तिच्या फटीत छिन्नी अलगद बसवा, घाव घालून कान वाकवू नका. ज्यांच्यात निमुळता स्टड आणि वर नट अडवणारी कॉटर पिन असते, त्यांना सेपरेटर लावा. ठोकून घालायचा दुभंगी फोर्क बूट फाडतो. जुना जॉइंट टाकायचाच असेल तर चालेल, पण टाय रॉड एंड वाचवायचा असेल तर वापरू नका.

नवा बसवताना निमुळती बाजू आणि तिचं भोक कोरडं, स्वच्छ ठेवा, ग्रीस लावू नका. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे कधीच फिरवू नका. पिन नवीच घाला.

रेषा (दादर)
सगळ्यात जास्त चुकतं ते मी सांगते. आर्मच्या चेसिसकडच्या बुशचे बोल्ट चाक लटकत असताना शेवटपर्यंत आवळले जातात. तेव्हा आर्म खाली झुकलेला असतो. गाडी जमिनीवर उतरली की आर्म वर येतो, बुशच्या आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली, म्हणून रबर कायमचं पिळलेलं राहतं. बुश लवकर फाटतो आणि लोक म्हणतात नवा माल खराब. आधी बोल्ट फक्त हाताने बसवा. मग स्टँड जागेवर ठेवूनच आर्मच्या चाकाकडच्या टोकाखाली जॅक लावा, गाडी स्टँडवरून जेमतेम हलकी होईपर्यंत उचला, तेव्हा टॉर्क रेंचने आवळा. अँटीरोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक काढली असेल तर दोन्ही पुढची चाकं उचलल्याशिवाय ती ताण न घेता बसत नाही.

नकल बाहेर ओढतानाही बघा. तो फार खेचला तर ड्राइव्हशाफ्टचा आतला ट्रायपॉड सांधा सुटतो, बूटमधलं ग्रीस सांडतं. ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणली जाऊ देऊ नका, कॅलिपर तारेने बांधून ठेवा.

चेंबूर नाका
इतकं बघायचं असेल तर ते गॅरेजनेच का करू नये, हाच तर माझा मुद्दा. लिफ्टवर आर्मला डोळ्यासमोर धरून काम होतं. आणि अलाइनमेंट तर बाहेरच करावी लागणार.

पाना-सतरा (मुलुंड)
अलाइनमेंट बाहेर, मान्य. आर्म बदलल्यावर टो (पुढची चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) थोडा हलू शकतो, म्हणून त्याच दिवशी सावकाश चालवत जवळच्या सेंटरला जा. पण गॅरेजात बुश हवेतच आवळला जातो की नाही, हे उभं राहून बघणारे किती? निदान टॉर्क रेंच आहे का, एवढं तरी विचारा. आणि एकाच बाजूचा जॉइंट बदलला तर दुसऱ्याचा बूट त्याच वेळी बघा. रस्त्याची डावी कड आणि चेंबरची झाकणं सोसणारा डावा जॉइंट आधी जातो, असं मला वाटतं, पण उजवा फाटलेला असेल तर काम एकत्रच करा.

चेंबूर नाका
एका बाबतीत माघार घेणार नाही. इनोव्हा क्रिस्टा, क्वालिससारख्या डबल विशबोनच्या (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या) गाड्यांत वजन खालच्या आर्मवर येतं. तिथे जॉइंट सोडला की दाबलेला स्प्रिंग किंवा पिळलेला टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा दांडा) आर्मला खाली फेकतो. आर्मखाली आधार न ठेवता जॉइंट सोडला तर माणूस मरू शकतो. या गाड्या घरी करू नका.

पाना-सतरा (मुलुंड)
काका, या गाड्यांबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत. मी फक्त मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच खांबात) हॅचबॅकबद्दल बोलतोय, जिथे वजन वरच्या माउंटवर जातं आणि हा सांधा फक्त दिशा धरतो. तिथेही आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ ओढा, बोल्ट आणि लोखंड दोन्हींवरून जाणारी. १०० किमीनंतर चाक काढून बघा, रेघ तुटली असेल तर बोल्ट फिरलाय. चाकाचे नटही तेव्हाच मॅन्युअलच्या टॉर्कवर पुन्हा तपासा.