आसगावच्या छोट्या हॉलमध्ये तीन बँड: कधी पोचायचं, कुठे उभं राहायचं, परत कसं यायचं?

डिचोलीचा_बेस

नमस्कार मंडळी. शनिवारी गोव्यात आसगाव-हणजुणेच्या मध्ये एका बारच्या मागच्या जागेत जड रॉकचे तीन बँड आहेत: आधी हार्डकोअर, मग वेगवान थ्रॅश, शेवटी संथ डूम. पोस्टरवर फक्त 'गेट ७ वाजता' लिहिलंय. जागा ८०-१०० माणसांची, अर्धी पत्र्याखाली, अर्धी उघड्यावर. बरोबर सावंतवाडीचा मावसभाऊ येतोय, त्याची ही पहिलीच खेप. स्कूटर एकच.

खरंच किती वाजता पोचावं? आवाज नीट कुठे लागतो, पुढे की मागे? फोमचे इअरप्लग घातले की गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं, त्याला काय करायचं? मोबाइलचं रेकॉर्डिंग दर वेळी फाटतं ते का? आणि रात्री परत येण्याचं कसं?

म्हापसा_शुक्रवार

वेळेचा हिशेब मागून पुढे करा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सूट आहे ती चारी बाजूंनी बंद असलेल्या सभागृहाला. अर्धा पत्रा आणि अर्धं आभाळ म्हणजे बंद हॉल नव्हे. रात्री १२ पर्यंतची जी परवानगी असते ती सण-उत्सवांसाठी, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस. बारमधल्या गिगला ती आपोआप लागू होत नाही.

आता मांडा. ३०, ४० आणि ४५ मिनिटांचे तीन सेट, म्हणजे ११५ मिनिटं. मध्ये दोनदा सामान बदलायला २०-२० मिनिटं. एकूण १५५. दहाला थांबायचं तर पहिला बँड ७.२५ ला वाजायला हवा. साउंडचेक लांबला आणि सुरुवात ८ ला झाली तर ती ३५ मिनिटं शेवटच्या बँडच्या खिशातून जातात. डूमवाल्यांचं एकेक गाणं दहा-बारा मिनिटांचं, म्हणजे ताटात एकच गाणं उरेल. म्हणून आयोजकाला आधीच मेसेज टाकून दोन गोष्टी विचारा: सेटच्या वेळा काय, आणि दहानंतर आत बंद खोलीत चालू ठेवणार का. उत्तर आलं नाही तर ७ ला हजर व्हा.

मिक्सरमागे

जागेचं सांगतो. 'जितकं पुढे तितकं भारी' हे मोठ्या मैदानात ठीक. छोट्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत गाणारा ऐकूच येत नाही, कारण त्याचा आवाज स्पीकरमधून तुमच्या डोक्यावरून मागे जातो. समोरून येतात ते ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प थेट. ड्रमसेट माइकशिवायही जवळून १०० डेसिबलच्या वर सहज जातो. तो काही साउंडवाल्याच्या मिक्सरवरून कमी करता येत नाही.

गिटारच्या कॅबिनेटचं, म्हणजे स्पीकरच्या पेटीचं, तर वेगळंच नाटक. त्यातला तीक्ष्ण आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. कॅबिनेट जमिनीवर, गिटारवाला त्याच्या पुढ्यात उभा: झोत त्याच्या गुडघ्यांना लागतो, त्याला आवाज बोथट वाटतो, तो ट्रेबल वाढवतो. चार मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचे कान मात्र सोलून निघतात. कॅबिनेट मागे कलतं ठेवलं किंवा खुर्चीवर चढवलं की निम्मी भांडणं मिटतात. प्रेक्षक म्हणून तुमच्या हातात एवढंच: झोताच्या रेषेत उभं राहू नका, दोन पावलं बाजूला सरका.

बेस भिंतीला आणि कोपऱ्यात फुगतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची, तिची लाट साडेआठ मीटरच्या आसपास. डूमवाले तार आणखी उतरवतात. एवढ्या लांबीची लाट छोट्या खोलीत मावत नाही, म्हणून कोपऱ्यात घुमते आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्यावर पोकळ लागते. तेव्हा मंचापासून खोलीच्या दोन-तृतीयांश अंतरावर, मधल्या रेषेच्या जरा बाजूला, मिक्सरच्या शेजारी उभे राहा. मिक्स करणारा जे ऐकतो तेच तुम्हाला ऐकू येईल. त्याच्या पुढ्यात उभं राहून त्याची नजर अडवू नका म्हणजे झालं.

किनारपट्टीतल्या बऱ्याच जागांची सिस्टीम डीजेसाठी लावलेली असते: खाली भलेमोठे सब (नुसत्या बेसचे स्पीकर), मधल्या पट्टीत दुष्काळ. ट्रान्सला ते चालतं. रॉकमध्ये गाणं आणि गिटार दोन्ही त्याच मधल्या पट्टीत राहतात, त्यामुळे सगळं धपधप ऐकू येतं. अशा वेळी बँडला दोष देऊ नका.

आणि मध्येच कर्कश शिट्टी आली तर गाणाऱ्याच्या हाताकडे बघा. हार्डकोअरवाले माइकची जाळी मुठीत धरतात. माइक मागचा आवाज टाळतो तो जाळीच्या मागच्या फटींमुळे. त्या झाकल्या की तो चहूकडून ऐकायला लागतो, पायाशी ठेवलेल्या मॉनिटरचा (गाणाऱ्याला स्वतःचं ऐकवणारा स्पीकर) आवाज उचलतो आणि शिट्टी सुरू. साउंडवाल्याकडे वळून ओरडण्यात अर्थ नाही.

कान_शाबूत

गोधडीचं कारण: फोम वरच्या पट्टीचा आवाज जास्त खातो, खालचा कमी. म्हणून झांजा गायब आणि बेस जागेवर. संगीतासाठीचे सिलिकॉनचे प्लग मिळतात, तीन चकत्यांचे, मध्ये बारीक फिल्टर. ते सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच उतरवतात, गाण्याचा तोल बिघडत नाही. शनिवारपर्यंत मिळाले नाहीत तर फोमच घाला, पण नीट. बोटांत वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सारा, अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला म्हणजे बसला. अर्धा बाहेर लोंबत असेल तर काही उपयोग नाही. कापसाचे बोळे तर नुसती मनाची समजूत.

आकडा लक्षात ठेवा: ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० ला फक्त १५ मिनिटं. प्लगने प्रत्यक्षात १५ डेसिबल जरी उतरले तरी १०० चे ८५ होतात आणि अख्खी संध्याकाळ निघते. पाकिटावरचा मोठा आकडा प्रयोगशाळेतला असतो, तेवढा धरू नका. प्लग पहिल्या गाण्याच्या आधी घाला, कानात दडे बसल्यावर नव्हे. नंतर कानात कुईं राहिलं तर बहुधा रात्रभरात जातं. दोन दिवसांनीही राहिलं किंवा एका कानाने कमी ऐकू आलं तर थांबू नका, कानाच्या डॉक्टरकडे जा.

मिक्सरमागे

रेकॉर्डिंगचं राहिलं. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला, एवढा मोठा आवाज त्याला झेपत नाही, म्हणून फाटतं. अ‍ॅपमध्ये गेन (आवाज किती आत घ्यायचा ते) हाताने कमी करता येत असेल तर सर्वांत मोठा ठोका मीटरवर −१२ डेसिबलच्या आसपास ठेवा. गेन उतरवूनही फाटत असेल तर माइकच दबलाय, तिथे सेटिंग कामाला येत नाही. स्पीकरपासून लांब जा, एवढाच इलाज. आणि माइकच्या भोकावर बोट ठेवू नका. आडवा मोबाइल धरताना निम्मे लोक हेच करतात.

म्हापसा_शुक्रवार

परतीचं. ओला-उबर गोव्यात नाही. टॅक्सीचं गोवा माईल्स अ‍ॅप आहे, पण आसगावच्या आतल्या गल्ल्यांत रात्री गाडी मिळेलच असं नाही आणि रेंजही जाते. पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) आणि बस तर गिग सुटेपर्यंत घरी गेलेले असतात. म्हणजे स्कूटरच. मग आधीच ठरवा, कोण चालवणार आणि तो पिणार नाही. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, एक जास्तीचं घ्या. म्हापशापर्यंत वेग आवरा: गुरं रात्री डांबरावरच बसतात, काळी म्हैस तर हेडलाइटमध्ये शेवटच्या क्षणी दिसते.

डिचोलीचा_बेस

आभारी आहे सगळ्यांचा. भाऊ विचारतोय, पिटमध्ये, म्हणजे मंचापुढे धक्के देत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात, शिरलं तर चालेल का?

कान_शाबूत

चालेल की. बंद बूट घाला, चपला नकोत. चष्मा, किल्ल्या आणि मोबाइल चेनच्या खिशात. कोणी पडला की आधी उचलायचा, मग पुढचा धक्का. कडेला हाताची घडी घालून उभे असलेल्यांना आत ओढायचं नाही. बँडचा टी-शर्ट घ्यायचा असेल तर पहिल्या बँडनंतरच घ्या, सुटे पैसे घेऊन. शेवटपर्यंत थांबलात तर लार्ज साइज संपलेला असतो.