पत्रकात काय छापायचं: काळीज, यकृत की लिव्हर?

कर्वेरोडवाला
२८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या आजाराचा. त्यानिमित्त आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तपासणी शिबिर आहे आणि पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. माझं म्हणणं, सरळ 'काळीज' छापावं. मटणाच्या दुकानात 'पाव किलो काळीज द्या' म्हटलं की कुणी हृदय तोलून देत नाही; गडद तपकिरी, गुळगुळीत कलेजीच तराजूत पडते. 'यकृत' वाचलं की लोकांना शाळेचं पुस्तक आठवतं आणि कागद घडी होऊन खिशात जातो. 'लिव्हर' शब्द तर दारूलाच चिकटलाय. आमच्या इमारतीतल्या एका काकूंच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर (यकृतात साठलेली चरबी) निघालं, तर त्यांनी रिपोर्ट सख्ख्या भावापासून लपवला. आयुष्यात थेंब घेतला नाही, लोक काय म्हणतील, हीच धास्ती.

रात्रपाळी
काळीज अजिबात नको. मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. पेशंट 'काळजात कळ येतेय' म्हणतो तेव्हा त्याचा हात छातीवर असतो आणि आम्ही आधी ईसीजी काढतो. काळीज धडधडतं, काळजाचा ठोका चुकतो, असंच आपण बोलतो ना? यकृत धडधडत नाही. ते उजव्या बरगड्यांखाली असतं, दीडेक किलोचं, आणि आतून दुखतही नाही. वेदना कळते ती वरच्या आवरणाला. म्हणून तर त्याचा आजार उशिरा लक्षात येतो. 'काळीज तपासून घ्या' वाचून छातीत दुखणारा कुणी शिबिराच्या तारखेपर्यंत थांबला तर?

वैद्य_सातारारोड
यकृतच छापा. चरकसंहितेत रक्तवह स्रोतसांचं, म्हणजे रक्त वाहणाऱ्या मार्गांचं मूळ म्हणून यकृत आणि प्लीहाच (पाणथरी) सांगितले आहेत, इतका जुना आणि नेमका शब्द आहे हा. 'मधुमेह' सगळ्यांना कळतोच ना? वापरला म्हणून कळतो.

कर्वेरोडवाला
@रात्रपाळी, शेजारी चित्र छापू, उजव्या बरगडीखाली बाण दाखवून. मग घोटाळा कसा होईल? वैद्यराज, शब्द रुळेपर्यंत या माणसांनी थांबायचं का?

रात्रपाळी
घाबरलेला माणूस चित्र बघत नाही हो. त्याच्या डोक्यात तो एक शब्द राहतो.

भिडेपूल
'लिव्हर' छापा. रिपोर्टवर तेच असतं, डॉक्टर तेच म्हणतात. दारूचा डाग शब्द टाळून जाणार नाही, तोच शब्द घेऊन पुसावा लागेल. २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या जागतिक संघटनांनी काकूंच्या या फॅटी लिव्हरच्या आजाराचं इंग्रजी नाव बदललं, त्यात बदनामीचाही विचार होता. जुन्या नावात 'नॉन-अल्कोहोलिक' होतं, म्हणजे दारू नाही हे सांगायलाही दारूच मध्ये. नव्या नावात चयापचयातला बिघाड आलाय. लिव्हर मात्र दोन्हीत आहे! दोष असतो वाढत्या पोटाचा, मधुमेहाचा, दिवसभर बसून राहण्याचा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, ते उगाच नाही. पहिली ओळ ठळक टाका: 'दारू न पिणाऱ्यालाही लिव्हरचा आजार होतो.' काकूंना हीच ओळ भावासमोर धरता येईल.

वैद्य_सातारारोड
ओळ पटली. कंसात यकृत घाला, एवढाच माझा आग्रह. आणि नुसत्या फॅटी लिव्हरवर थांबू नका, दिवस हिपॅटायटिसचा आहे. पावसाळ्यात दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई पसरतात, आणि ई गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. मी वैद्य असून सांगतो, कावीळ झाल्यावर गळ्यात माळ घालून घरी बसू नका. आधी रक्त तपासा. माळ लांब होत जाते म्हणून आजार उतरतोय असं समजतात आणि तेवढ्यात दिवस हातचे जातात.

रात्रपाळी
माळेचं जरूर घाला. डोळे पिवळेधमक झाल्यावर, ग्लानी आल्यावर आणतात हो. हिपॅटायटिस बी-ची लस आहे आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत तिचा पहिला डोस द्यायचा असतो, हेही लिहा.

कर्वेरोडवाला
माळ, लस आणि पाणी, तिन्ही घेतो. ठळक ओळही घेतो, पण तिच्यात 'काळीज' घालून. रात्रपाळीताई, तुमची हरकत खाली तुमच्याच शब्दांत लिहून 'काळीज' आणि 'लिव्हर' असे दोन्ही मसुदे रविवारी कमिटीपुढे ठेवतो.

रात्रपाळी
ठेवा. आणि त्याखाली मोठ्या अक्षरात लिहा: छातीत दुखत असेल तर शिबिराची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.