‘स्टेटस क्वो अँटे बेलम’ म्हणजे ‘जैसे थे’ का?

प्रश्न :
१८१२ साली सुरू झालेले ब्रिटन-अमेरिका युद्ध घेंटच्या तहाने ‘स्टेटस क्वो अँटे बेलम’ या तत्त्वावर मिटले, असे वाचनात आले. न्यायालयीन बातम्यांत ‘स्टेटस क्वो’ला आपण ‘जैसे थे’ म्हणतो, म्हणून ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडेच राहावे, असा अर्थ मी लावला. पण त्याच तहानुसार ब्रिटिशांनी आजच्या मेन राज्याचा व्यापलेला पूर्व भाग सोडला, असेही पुढे दिले आहे. हे कसे जुळते?

उत्तर १ :
आपल्या अर्थातून ‘अँटे’ निसटला आहे आणि सारा भार त्याच शब्दावर आहे. ‘अँटे’ म्हणजे पूर्वी, ‘बेलम’ म्हणजे युद्ध. म्हणून ‘युद्धापूर्वी जी स्थिती होती ती’ असा पूर्ण अर्थ होतो. न्यायालयाचा ‘जैसे थे’ आदेश आजची स्थिती आहे तशी राखतो. तहातील हे तत्त्व मात्र दोन्ही पक्षांना युद्धाच्या आधीच्या सीमांवर परत नेते आणि जिंकलेला मुलूख परत करायला लावते.

आपण लावलेल्या अर्थासाठी ‘उटी पॉसिडेटिस’ हा वेगळा शब्दप्रयोग आहे : ‘जसे तुमच्या ताब्यात आहे तसे’. मूळ रोमन कायद्यात जमिनीच्या वादात प्रेटर हा न्यायाधिकारी या शब्दांनी सुरू होणारा मनाई हुकूम देत असे, आणि प्रतिपक्षाकडून बळाने घेतलेल्या ताब्याला त्याचे संरक्षण नसे. तहांमध्ये मात्र हेच शब्द बळाने घेतलेल्या मुलखाला लागू झाले, हे मला फार अस्वस्थ करणारे वाटते. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांकडे आजचे न्यूयॉर्क राहिले आणि डचांकडे सुरिनाम, ते याच तत्त्वाने.

घेंटच्या वाटाघाटींतला खरा वाद या दोन तत्त्वांमधलाच होता. ऑक्टोबर १८१४ मध्ये ब्रिटिशांनी ‘उटी पॉसिडेटिस’ची मागणी केली आणि अमेरिकी प्रतिनिधींनी ती साफ नाकारली. दरम्यान प्लॅट्सबर्ग व बाल्टिमोर येथील ब्रिटिश अपयशाच्या बातम्या पोहोचल्या होत्या. पुढे युद्धाच्या स्थितीवरून मुलूख मागण्याचा हक्क पोहोचत नाही, असा सल्ला खुद्द ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने दिला, तेव्हा ब्रिटनने आग्रह सोडला. २४ डिसेंबर १८१४ रोजी तहावर सह्या झाल्या.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे, आता उलगडा झाला. तहात यांपैकी कोणतेच तत्त्व लिहिलेले नसेल, तर काय धरतात?

उत्तर २ :
पारंपरिक नियमानुसार तह मुलखाबाबत मौन पाळत असेल, तर ‘उटी पॉसिडेटिस’ गृहीत धरले जाई. त्यामुळे ज्याला मुलूख परत हवा, त्याला तसे कलम घालून घेणे भागच होते.

उत्तर ३ :
वरील विवेचनाला एक पुरवणी जोडतो. घेंटच्या पहिल्याच कलमात परतफेडीला अपवाद आहे : मेनच्या सीमेवरील पॅसामाक्वाडी उपसागरातील वादग्रस्त बेटे. त्यांच्या मालकीचा निर्णय आयुक्तांवर सोपवल्यामुळे त्यांपैकी मूस बेटावरील ईस्टपोर्ट गाव १८१८ पर्यंत ब्रिटिशांच्याच ताब्यात राहिले. शिवाय अमेरिकी जहाजांवरील खलाशांना ब्रिटिश नौदलात बळजबरीने भरती करणे हे युद्धाचे एक मुख्य कारण होते, आणि त्याविषयी या तहात एक शब्दही नाही. युद्धापूर्वीची स्थिती परत आणताना युद्धापूर्वीचे भांडणही जागच्या जागी राहू शकते, ते असे.