डोळ्याच्या पडद्यावर टाकायचा रंग कितपत निर्धोक?

हुपरीकर (धागाकर्ता):
माझ्या आईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडले आहे. कोल्हापुरातील पडद्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली असून, तीत पडद्यावरचा पारदर्शक पापुद्रा निळ्या रंगाने रंगवून सोलावा लागेल, असे सांगितले आहे. माझ्या मामांची हीच शस्त्रक्रिया बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात झाली, तेव्हा हिरवा रंग वापरल्याचे त्यांच्या कानावर पडले होते. छिद्र बुजले, पण त्या डोळ्याला नाकाच्या बाजूला एक सावली कायमची राहिली, आणि त्यांच्या कागदपत्रांत रंगाचे नावसुद्धा नाही. चांदीच्या पैंजणाला घुंगरू जोडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या माणसाला ती सावली किती नडली हे मी पाहिले आहे. पापुद्रा रंगाशिवाय सोलता येत असेल, तर ज्या पेशींवर दृष्टी अवलंबून आहे त्यांच्यावर रसायन टाकूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडदातज्ज्ञ, राजारामपुरी:
आपली काळजी रास्त आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. अशी छिद्रे शस्त्रक्रियेने बुजवता येतात हे डॉ. केली आणि डॉ. वेंडेल या अमेरिकी नेत्रसर्जनांनी 1991 मध्ये दाखवले. पुढे आयएलएम नावाचा हा पापुद्रा काढल्यास छिद्र बुजण्याची शक्यता वाढते, हे दिसून आले. तो जाडीने अवघा काही मायक्रॉन आणि पूर्ण पारदर्शक असल्याने, रंगाशिवाय सोलताना चिमटा कुठे धरला आहे हे सर्जनला अनेकदा अंदाजानेच ठरवावे लागते, आणि अंदाज चुकला तर पापुद्र्याऐवजी त्याखालचे चेतातंतू चिमट्यात येतात. रंग टाळला म्हणजे धोका टळला, असे होत नाही.

हिरव्या रंगाबद्दल मात्र आपली शंका निराधार नाही. इंडोसायनिन ग्रीन 1950च्या दशकापासून यकृत आणि हृदयाच्या तपासणीसाठी शिरेतून दिले जात होते, आणि 2000च्या सुमारास ते पापुद्रा रंगवण्यासाठी वापरले जाऊ लागले. रक्तात गेलेला हा रंग यकृत बाहेर टाकते. डोळ्याच्या आत तशी सोय नाही, त्यामुळे तो पडद्यामागे कित्येक महिने रेंगाळलेला आढळला आहे. त्याची पूड आधी इंजेक्शनच्या पाण्यात विरघळवावी लागते, म्हणून द्रावण शरीरातील द्रवांपेक्षा पातळ राहते आणि पेशी पाणी शोषून फुगू शकतात. नेहमीच्या पुडीत सोडियम आयोडाइड असते, तेही पेशींना बाधू शकते, वर शस्त्रक्रियेच्या प्रखर प्रकाशाने रंगाचा अपाय वाढू शकतो. शिवाय छिद्राच्या तळाशी पडद्याला आधार देणाऱ्या, डोळ्याच्या स्वतःच्या रंगद्रव्य-पेशींचा थर उघडा असतो, म्हणजे रंग नेमका नाजूक जागी पडतो.

माजी रंग-रसायनतज्ज्ञ, इचलकरंजी:
डॉक्टरसाहेब, हिरव्याचे दोष आपण मोकळेपणाने सांगितले. निळ्याला मात्र अलगद बाजूला ठेवलेत. ब्रिलियंट ब्लू जी हा मुळात लोकर रंगवण्याच्या रंगांच्या घराण्यातला आहे. (आमच्याकडे काम सुताचे, लोकरीचे नव्हे, पण ही घराणी आम्हाला पाठ असतात.) ट्रायपॅन ब्लू हा तर अ‍ॅझो रंग, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मेलेल्या पेशी ओळखायला वापरतात तोच. एकाच नावाच्या दोन डब्यांतील मालाची शुद्धता किती वेगळी असते, हे प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून ‘निळा आहे, चालेल’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

पडदातज्ज्ञ, राजारामपुरी:
शुद्धतेचा मुद्दा बिनशर्त मान्य. परंतु रंग कोणत्या घराण्यातला आहे यावरून तो विषारी ठरत नाही. मात्रा, द्रावण आणि संपर्काचा काळ यांवरून ठरतो. डोळ्यासाठीच्या ब्रिलियंट ब्लूची तीव्रता दर मिलिलिटरला 0.25 मिलिग्रॅम असते, द्रावण शरीराशी समतोल असते, आणि तो टाकल्यावर थांबून न राहता जादा रंग लगेच ओढून घ्यायचा असतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला डिसेंबर 2019 मध्ये मान्यता दिली. प्रयोगशाळेत पेट्री डिशमधील (काचेच्या ताटलीतील) पेशी रंगात कितीतरी वेळ बुडवून काढलेले निष्कर्ष जसेच्या तसे डोळ्याला लावणे मला पटत नाही. ते रंगांची आपसांत तुलना करायला उपयोगी, एवढेच.

शस्त्रक्रियागृहातील सिस्टर:
माझी भीती वेगळी आहे. पिकलेल्या पांढऱ्या मोतीबिंदूत बुबुळामागची पिशवी रंगवायला 0.06 टक्क्यांचा ट्रायपॅन ब्लू असतो, पडद्यावरच्या पापुद्र्यासाठी 0.15 टक्क्यांचा, आणि ट्रेमध्ये दोन्ही निळेच दिसतात. मोतीबिंदूत ट्रायपॅनऐवजी चुकून मिथिलीन ब्लू गेल्याने डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेला (कॉर्नियाला) इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. संमतीपत्रात आणखी एक पान वाढवून घाबरलेल्या आजीबाईंना ते वाचायला लावण्यापेक्षा, कुपीवरचे लेबल केसपेपरवर चिकटवणे आणि रंग भरताना नाव मोठ्याने उच्चारणे, याने डोळा अधिक वाचतो.

हुपरीकर:
रंग नकोच, हे माझे म्हणणे मी मागे घेतो. पण सिस्टर, आजीबाई घाबरतील म्हणून त्यांना सांगायचे नाही, हे मला पटत नाही. माझी आई गुळाच्या ढेपेचासुद्धा रंग पाहून, त्यात काय घातले आहे हे विचारून घेते. सोमवारी मी रंगाचे नाव, तीव्रता आणि कुपीवरचा बॅच क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहून मागणार आहे. मामांची सावली रंगामुळेच पडली का, हे मात्र कोणी सांगितले नाही.

पडदातज्ज्ञ, राजारामपुरी:
मामांना न तपासता खात्रीने सांगणे शक्य नाही. पापुद्रा सोलण्यानेही चेतातंतूंच्या थरात बारीक खळगे पडतात, आणि शस्त्रक्रियेत डोळ्यात हवा भरताना पडदा कोरडा पडल्यानेही दृष्टिक्षेत्रात खोट येऊ शकते. मात्र हवेमुळे येणारी खोट बहुधा कानाच्या बाजूला असते. नाकाच्या बाजूची खोट इंडोसायनिन ग्रीन वापरलेल्या रुग्णांत नोंदली गेली आहे. त्यांच्या कागदावर रंगाचे नाव असते, तर मी आज यापेक्षा ठाम उत्तर देऊ शकलो असतो. सोमवारी आपण मागणार आहात ती नोंद अवश्य मागा.