मदत हवी आहे: आखेनमध्ये शिकताना जर्मन मित्रमंडळ कसं जमवायचं, तेही ९९२ युरोच्या महिन्यात?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत आखेनला मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करतोय. ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवावा लागतो ते खातं) ११,९०४ युरो भरून आलो, त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. भाडं ३९०, हेल्थ इन्शुरन्स साधारण १४५, मग मोबाईल, रेडिओ-टीव्हीची ती सक्तीची फी (१८.३६, पण अख्ख्या घराला एकच लागते म्हणून आम्ही चौघं वाटून घेतो) आणि सेमिस्टर फी सहा महिन्यांनी एकदम जाते म्हणून तिच्यासाठी दरमहा थोडे बाजूला. हातात राहतात चारशेच्या आसपास. जेवणाचं भागतं, रात्री घरी पोळीभाजी, दुपारी मेन्झा म्हणजे युनिव्हर्सिटीची खानावळ. सेमिस्टर तिकिटावर देशभर लोकल ट्रेन आणि बस चालतात त्यामुळे प्रवासाचंही टेन्शन नाही.

अडलंय ते दुसरीकडेच. फ्लॅटमध्ये चौघंही भारतीय, लायब्ररीतला ग्रुप भारतीय, आणि जर्मन बोलायची वेळ येते ती फक्त आल्डी सुपरमार्केटच्या काउंटरवर. लॅबमधली जर्मन मुलं स्वभावाने छान आहेत, गुरुवारी संध्याकाळी पोंटश्ट्रासला, म्हणजे इथल्या पब-हॉटेलांच्या रस्त्यावर, निघाली की आवर्जून विचारतात, मी जातोही, पण जेवण आणि दोन ड्रिंक झाले की वीस-पंचवीस युरो गेलेच. वेटर येतो, एकत्र की वेगवेगळं विचारतो, प्रत्येकजण आपापलं सांगून देऊन टाकतो. ही पद्धत मला आवडली खरं तर, कोणाचं कोणावर ओझं नाही. पण दर आठवड्याला जमणार नाही, बाबांनी लोन काढून पाठवलंय आणि ते पैसे असे उडवायला मन होत नाही.

तर, खर्च न करता इथल्या लोकांत मिसळायचे मार्ग कोणते? सोबत जाऊन एकच ज्यूस घेतला तर वाईट दिसतं का? आणि पार्टटाइम करायचं तर हॉटेलात की डिपार्टमेंटमध्ये? मला भाषा सुधारायचीय, नुसते पैसे नकोत.

प्रतिसाद १
एक आपफेलशोर्ले (सोडा घातलेला सफरचंदाचा ज्यूस) घेऊन दोन तास बस, कोणी काही म्हणत नाही, घरून जेवून जायचं. पण गुरुवारच्या ग्रुपवर फार विसंबू नकोस, इथे मैत्री होते ती दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी तीच माणसं भेटली की. होखशूलश्पोर्टचा, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळ-व्यायामाच्या वर्गांतला, एखादा कोर्स घे, बाहेरच्या जिमच्या मानाने फी किरकोळ असते. टँडम पार्टनर शोध, तू हिंदी किंवा इंग्लिश शिकव, तो जर्मन, खर्च शून्य. मी कॉयरमध्ये (समूहगानाच्या ग्रुपमध्ये) गेले होते, गाता येत नसताना, आजही त्यातल्या दोघीजणी माझ्या जवळच्या आहेत. आणि एक, इथे आयत्या वेळी "येतोस का" चालत नाही, दोन-तीन आठवडे आधी तारीख ठरवावी लागते, त्याचा राग मानू नकोस.

प्रतिसाद २
कामाचं बघायचं तर हिवी जॉब, म्हणजे डिपार्टमेंटमधलं स्टुडंट असिस्टंटचं काम, आधी बघ. आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना काम करायला वर्षाला १४० पूर्ण दिवसांची जी मर्यादा आहे त्यात ते धरत नाहीत. पण तिथल्या ग्रुपमध्ये जर्मन बोलतात की इंग्लिश ते आधी विचारून घे, नाहीतर भाषेचा प्रश्न जिथल्या तिथेच राहील. आठवड्याची रक्कम सोमवारी कॅश काढून ठेव, कार्डने कळतच नाही किती गेले. आणि लॅबच्या मुलांना घरी बोलव ना! कांदेपोहे आणि चहा, सहा जणांचं दहा युरोत होतं, येताना तेच काहीतरी घेऊन येतात. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा जवळच्या आयफेलच्या डोंगरात बसने जा, डबा घेऊन, तिकीट आहेच तुझं.

धागाकर्ता
खूप आभार दोघांचेही. पोह्यांचं पक्कं, जाडे पोहे इंडियन स्टोअरमध्ये बघितलेत. ताई, टँडमसाठी युनिव्हर्सिटीच्या लँग्वेज सेंटरमध्येच विचारायचं का? आणि पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे, इथे म्हणे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक न्यायचा असतो. ओव्हन नाही आमच्याकडे. रव्याचा शिरा नेला तर चालेल का लॅबमध्ये?